पुन्हा मिस्त्री

माझ्या बाबांना कामावर सगळे ‘पुन्हा मिस्त्री’ म्हणतात. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, एकतीस वर्षं तेच काम. कोणीही काहीही सांगितलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘पुन्हा’. ऐकू येत नाही म्हणून नव्हे. कान तर असे तिखट, की शेजारच्या घरातलं भांडण कशावरून चाललंय हे त्या नवराबायकोच्या आधी बाबांना कळतं. पण सांगणाऱ्याने दुसऱ्यांदा सांगायचं, मग बाबांनी ते शब्दाला शब्द म्हणून दाखवायचं, मग सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं, आणि त्यानंतरच ते जागचे हलणार.

घरातही हाच खाक्या. आईने अर्धा किलो कांदे म्हटलं, की दारात थांबून ‘अर्धा किलो कांदे’ म्हणणार आणि आईकडे बघत राहणार. आईला ‘बरोबर’ म्हणायचा कंटाळा आला, की हे पिशवी घेऊन खांबासारखे उभे. माझ्या शाळेत बाईंनी माझ्या गणिताची तक्रार केली, तेव्हा बाबांनी ती अख्ख्या वर्गासमोर दोनदा वदवून घेतली आणि वर स्वतः म्हणून दाखवली. त्या दिवशी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. धरणीने काही मनावर घेतलं नाही.

या खोडीमागचं कारण मला मोठी झाल्यावर कळलं. लिफ्टचं काम दोघांचं असतं. एक जण शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली जाते त्यात, केबिनच्या छतावर बसलेला. दुसरा इमारतीच्या टोकाला, मशीन रूममध्ये, मोटारीपाशी. एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही. मध्ये फक्त वायरलेसची खरखर. केबिन वर जाते तेव्हा तिच्या मागून लोखंडाचं वजन खाली येतं, कित्येक माणसांच्या भाराचं, आणि दोघांच्या मधली फट चार बोटांची. छतावरच्या माणसाचा हात कडेबाहेर असताना वरच्याने मोटार चालू केली, तर तो हात त्याचा राहत नाही.

बाबा ज्याच्या हाताखाली शिकले त्या लंबू मिस्त्रीचं असंच झालं. हात नव्हे, डोकं. ‘वरून काहीतरी बोलले, त्याला नीट कळलं नाही, आणि तो हो म्हणाला,’ एवढंच बाबा सांगतात. ते तेव्हा त्याच मजल्यावर पान्हा घेऊन उभे होते. पुढचं त्यांनी आईलाही सांगितलेलं नाही. ‘पुन्हा’ मात्र तेव्हापासूनचं.

त्यांच्या जोडीला गेली अठरा वर्षं एकच माणूस. तो कायम मशीन रूममध्ये बसायचा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव वरचा काका. ‘सगळं वरच्याच्या हवाली,’ असं आई सकाळी डबा देताना म्हणायची, आणि त्यात देव किती आणि काका किती हे तिचं तिलाच ठाऊक. दोघे वायरलेसवर असे बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं दोन पोपट पाळलेत. ‘एक मजला वर घेतो.’ ‘पुन्हा.’ ‘एक मजला वर घेतो.’ ‘एक मजला वर. हात आत.’ ‘हात आत. बरोबर.’ मग मोटार. एकतीस वर्षांत बाबांच्या अंगाला ओरखडा नाही.

आणि मग बाबा ज्या इमारतींच्या लिफ्ट बघायचे, त्यांचं काम नव्या कंपनीकडे गेलं. कंपनी बाहेरची, तिची माणसं बाहेरची, वायरलेसवरचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायला हवं असा नियम. जुन्या मिस्त्रींना ठेवणार, पण आधी इंग्रजीची तोंडी परीक्षा आणि शाफ्टमधली प्रत्यक्ष परीक्षा. मुदत सहा आठवडे. नापास झाला तो घरी. बाबा छप्पन्न वर्षांचे. या वयात दुसरीकडे कोण घेतंय?

मी इंग्रजीचे वर्ग घेते. नोकरीच्या मुलाखती आणि तोंडी परीक्षा हा माझा हातखंडा विषय, आणि माझ्या हातून आजवर एकही जण नापास झालेला नाही हे मी वर्गाबाहेरच्या पाटीवरसुद्धा लिहिलंय. तेव्हा बाबांना शिकवायचं मीच, हे कोणी ठरवावं लागलं नाही. रोज संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची शिकवणी बसू लागली. बाबा हात धुऊन, केस विंचरून यायचे. ‘या मास्तरीणबाई,’ म्हणायचे. मला हसू यायचं. पण तोपर्यंत मी कुणालाही असं घाबरत घाबरत शिकवलं नव्हतं.

कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत एक क्रियापद पानोपानी होतं, गो ऑफ. आम्ही तिथेच अडकलो.

‘अलार्म गोज ऑफ, म्हणजे अलार्म वाजतो,’ मी म्हटलं.

‘पुन्हा.’

‘अलार्म गोज ऑफ. अलार्म वाजतो.’

बाबांनी ते वहीत लिहिलं, म्हणून दाखवलं, मी बरोबर म्हटलं.

‘लाइट गोज ऑफ. दिवा जातो. बंद होतो.’

बाबांनी पेन खाली ठेवलं. ‘थांब. घंटा ऑफ झाली की वाजते, आणि दिवा ऑफ झाला की विझतो?’

‘हो.’

‘हे कोणी ठरवलं?’

‘कोणी ठरवलं नाही हो. तसं बोलतात. दूध गोज ऑफ, म्हणजे नासतं. बॉम्ब गोज ऑफ, फुटतो. माणूस गोज ऑफ, काही न सांगता निघून जातो. एखाद्या गोष्टीवरून मन उडालं तरी गो ऑफच.’

‘म्हणजे दूध, बॉम्ब आणि माणूस एकाच माळेचे मणी?’

आई ओट्याकडे तोंड करून भाजी चिरत होती. ती न वळता म्हणाली, ‘आपल्यात नाही का? भूक लागते, ठेच लागते, आग लागते, फोन लागतो, नाद लागतो, लग्न लागतं. तेव्हा नाही विचारत ते कोणी ठरवलं?’

‘आपलं लागतं तेव्हा काय लागलंय ते कळतं तरी,’ बाबा म्हणाले. ‘लग्नाचं जरा उशिरा कळलं.’

आईने चमचा उगारला. आम्ही तिघेही हसलो. तेवढीच काय ती हसायची शिकवणी.

कारण बाबांचा प्रश्न खरा होता. ‘वरून कोणी म्हणालं, बझर गोज ऑफ,’ ते म्हणाले, ‘तर मी हात आत घेऊ की काम चालू ठेवू?’

‘बझर म्हणजे वाजला. वाक्यावरून कळतं, बाबा. संदर्भावरून.’

‘शाफ्टमध्ये संदर्भ नसतो. वजन असतं.’

तरी मी पुस्तिकेचं पान उलटलं, कारण अजून एकवीस पानं व्हायची होती.

तीन आठवडे गेले. बाबा रोज तेच विचारायचे. प्रत्येक वाक्याला ‘पुन्हा’, प्रत्येक ‘गो ऑफ’ला ‘कुठलं ऑफ?’ सकाळी चहा घेताना त्यांचे ओठ हलताना दिसायचे. अंघोळीला गेले की आतून पाण्याच्या आवाजात ‘दूध नासलं, दिवा गेला, घंटा वाजली’ असं ऐकू यायचं. हा माणूस उंच बोगद्यात दोरांना लटकून काम करतो, आणि दोन अक्षरांना एवढा घाबरतो, हे बघून मला भीती वाटायची. माझी भीती मला रागासारखीच दाखवता येते, हा माझा जुना दोष.

चौथ्या आठवड्यात एका वाक्याला त्यांनी सातव्यांदा ‘पुन्हा’ म्हटलं, आणि मी हातातली वही टेबलावर आपटली.

‘बाबा, आता पुन्हा म्हणालात तर मी उठून जाईन. पालथ्या घड्यावर पाणी घालत बसले आहे मी. तुम्हाला ठाऊक आहे का, परीक्षेत पुन्हा विचारलं की गुण कापतात? याला येत नाही असा शेरा मारतात. कळलं नाही तरी विचारायचं नाही. मान हलवायची, यस सर म्हणायचं आणि पुढे जायचं. ते म्हणून दाखवणंही बंद करा, तोतरे वाटता. माझी सगळी मुलं अशीच पास होतात.’

आईची सुरी थांबली. बाबांनी वहीचं दुमडलेलं पान बोटाने सरळ केलं.

‘बरं,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं. मी वाक्य म्हणायची, ते मान हलवायचे आणि म्हणायचे, ‘यस सर.’ मला सरच म्हणायचे, सवय व्हावी म्हणून. पुस्तिका पाच दिवसांत संपली. मी आईला म्हटलं, ‘बघितलंस? जरा दटावायलाच हवं होतं.’

त्याच आठवड्यात आईने त्यांना डोळ्यांत घालायचे थेंब आणायला पाठवलं. त्यांनी कानांत घालायचे आणले. आईने डोळ्यांत घालायच्या आधी बाटलीवरचं वाचलं म्हणून निभावलं. मी म्हटलं, वय झालं, विसरले असतील. आईने बाटली परत खोक्यात घातली. ‘विसरले नाहीत गं,’ ती म्हणाली. ‘मी सांगितलं तेव्हा त्यांनी परत विचारलंच नाही. हो म्हणाले आणि चप्पल घातली.’ मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण परीक्षा आठ दिवसांवर आली होती, आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

परीक्षेच्या सकाळी बाबा म्हणाले, ‘तू येशील का? नुसती बस तिथे.’ मी तिसरीत असताना माझ्या पाठांतराच्या स्पर्धेला मी त्यांना अगदी हेच म्हटलं असेल. मी गेले.

सहा मजली इमारत होती, परीक्षा तिसऱ्या मजल्यावर. तो बरोबर मधला मजला, केबिन आणि वजन जिथे एकमेकांना ओलांडतात तो. लिफ्टचं दार उघडून समोर पिवळी पट्टी बांधली होती. परीक्षक पट्टीच्या अलीकडे, हातात कागदांची पाटी. मशीन रूममध्ये कंपनीचा माणूस, त्याचा आवाज परीक्षकाच्या वायरलेसमधून यायचा. मला त्यांनी जिन्याच्या पायरीवर उभं राहू दिलं.

बाबांच्या आधी वरच्या काकांची पाळी होती. ते दहा मिनिटांत पट्टीखालून वाकून बाहेर आले आणि रुमालाने मान पुसत माझ्याजवळ थांबले.

‘दोनदा विचारलं मी. दोनदाच. तिसऱ्यांदा त्याने कागदच उलटा केला.’

‘मग?’

‘मग काय. अठरा वर्षं झाली, घरी जाऊन झोपतो आता.’ त्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. ‘पुन्ह्याला सांग, विचारू नको म्हणावं.’

खरं सांगते, मला त्यांचं वाईट वाटलं, पण त्याच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. माझं म्हणणं बरोबर होतं. विचारलं की नापास.

बाबा आत उतरले. केबिनचं छत अर्धा मजला खाली होतं, त्यामुळे वरून मला त्यांची टोपी आणि खांदे दिसत होते. ते एका गुडघ्यावर बसले होते. उजवा हात कठड्याच्या दांड्यावर, आणि डावा हात मागे टेकलेला, कोपर कडेच्या बाहेर. तपासणी करताना मिस्त्री असेच बसतात. मी घरी त्यांना जेवतानासुद्धा तसं बसलेलं बघितलंय.

पहिल्या चार सूचना नीट झाल्या. ‘यस सर.’ ‘यस सर.’ परीक्षक खुणा करत गेला. मग वायरलेसमधून एक लांब वाक्य आलं. खरखर इतकी होती, की त्यातलं फक्त ‘गोज ऑफ’ कानावर पडलं. आधीचं नाही, नंतरचं नाही.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी मान वर केली. त्यांचे ओठ जुळले, तो ‘पु’ मी ओळखते. आणि तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं.

परीक्षकाचं पेन कागदावर थांबलं होतं. मी मान हलवली. हो म्हणा, अशी. वर्गातल्या मुलांना काचेपलीकडून करते तशी.

‘यस सर,’ बाबा म्हणाले.

बझर वाजला. केबिन हिसका देऊन वर यायला लागली, आणि मागच्या अंधारातून ते वजन खाली आलं. त्याचा आवाज येत नाही. मला वाटायचं, एवढं वजन गडगडाट करत येत असेल. भिंत खाली सरकावी तसं ते गुपचूप आलं, बाबांच्या पाठीमागून गेलं, आणि मी ओरडायला तोंड उघडेपर्यंत दिसेनासंही झालं. केबिन थांबली. बाबांनी डावा हात पुढे घेतला आणि मांडीवर ठेवला. हात होता. पाचही बोटं होती. मी मोजली.

परीक्षकाने खूण केली आणि पाटीवरचा कागद बाबांच्या सहीसाठी पुढे धरला. मी पट्टीपाशी गेले, ‘जरा बघू का?’ म्हटलं आणि ते वाक्य वाचलं. बझर वाजण्याआधी दोन्ही हात आत घ्या, खाली बसा आणि तयार आहे असं सांगा. बझर वाजताच केबिन हलेल. परीक्षकाने सगळा वेळ कागदाकडे बघितलं होतं. उत्तर लगेच आलं, म्हणून पूर्ण गुण.

‘तुमचे वडील फार तयारीचे आहेत,’ तो इंग्रजीत म्हणाला. ‘एकदाही विचारलं नाही.’

निकाल तिथेच सांगितला. पास. जुन्या सहा जणांतले दोघेच पास, त्यातले एक बाबा. सोमवारपासून कामावर, जोडीला मशीन रूममध्ये कंपनीचा तोच माणूस, ज्याला आपल्या भाषेतलं एक अक्षरही येत नाही.

आम्ही चालत घरी निघालो. बाबांची चाल हलकी होती. रस्ता ओलांडताना मी त्यांचा डावा हात धरला, आणि कोपरावर मला काहीतरी चिकट लागलं. शर्टाच्या बाहीवर काळ्या ग्रीसची एक रेघ होती, बोटभर लांब, अगदी सरळ. वजनाच्या कडेला असतं ते ग्रीस. मी पदपथावरच थांबले.

‘लागलं का तुम्हाला?’

‘नाही. नुसतं शिवून गेलं.’

‘बाबा, ते वाक्य तुम्हाला कळलं होतं?’

‘नाही,’ ते म्हणाले. सरळ म्हणाले, लपवाछपवी नाही. ‘मी विचारणारच होतो. पण तू मान हलवलीस. म्हटलं, हिला कळलंय, म्हणजे ठीक आहे.’

बाजूने माणसं जात होती, कोणाचा तरी खांदा लागला, कोणी तरी काहीतरी बोललं. मला वाटलं, हे सांगितलं नाही तर चालेल, आता झालं ते झालं. पण ती रेघ समोर होती.

‘मलाही कळलं नव्हतं, बाबा. मला फक्त दोन शब्द ऐकू आले. मी उगाच मान हलवली.’

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, बाही पुसायला लागले, आणि ग्रीस आणखी पसरलं.

‘आईला दाखवू नको,’ ते म्हणाले.

‘तुम्ही विचारा. सोमवारी पहिल्या वाक्यापासून विचारा. मी चुकीचं शिकवलं. दहा वेळा विचारा, त्याला वैताग येऊ दे. मी त्यांच्या कचेरीत येऊन सांगते, हवं तर.’

‘वेडी आहेस का? पूर्ण गुण दिलेत त्यांनी. कागदावर लिहिलंय, एकदाही विचारलं नाही. आता पहिल्याच दिवशी विचारलं, तर म्हणतील हा पास कसा झाला? वरच्याने दोनदा विचारलं म्हणून त्याला घरी बसवलं. मला ठेवतील?’

‘नोकरी गेली तर जाऊ दे.’

‘आणि मग मी काय करू?’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदा भीती ऐकली. शाफ्टची नव्हे. ‘मला दुसरं काय येतं?’

माझ्या पाटीवर लिहिलेलं सगळं खरं होतं, एकही नापास नाही.

सोमवारी सकाळी ते सहालाच तयार झाले. कंपनीचा नवा निळा शर्ट, छातीवर कंपनीचं नाव. आई डबा भरत होती आणि खुशीत होती, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि हळू आवाजात, एकेक शब्द तोडून म्हटलं, ‘कळलं नाही तर हो म्हणायचं नाही. हात आत घेतल्याशिवाय काही म्हणायचं नाही. तो दहा वेळा बोलला तरी थांबायचं. मी काय म्हणाले, बाबा? म्हणून दाखवा.’

ते चपलेत पाय सरकवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

‘यस सर,’ म्हणाले, आणि जिना उतरून गेले.